असेसर व्हायचंय, पण कशाचा?

विक्रोळीच्या कन्नमवार नगरातून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी २४ वर्षांची, बी.एस्सी., बी.एड. वर्षभर एका खासगी शाळेत तात्पुरती शिकवतेय, पगार सांगण्याजोगा नाही. आता तिला ‘सर्टिफाइड असेसर’ व्हायचंय. ऑनलाइन कोर्स, दोन शनिवार-रविवार, फी ३५ हजार. जाहिरातीत म्हटलंय, ‘या प्रमाणपत्रावर शाळांच्या अभ्यासक्रमाच्या दर्जावर देखरेख करता येते.’ नावनोंदणीचे २ हजार भरून झालेत. ‘बाकीचे भरू का? पॉलिसी मोडावी लागेल,’ असं ते विचारतात.

नमस्कार. पॉलिसी मोडू नका.

मुलीचं काही चुकलेलं नाही, हे आधी सांगतो. असेसर हे खरंखुरं काम आहे आणि शाळांच्या अभ्यासक्रमावर देखरेख होते हेही खरं. जाहिरात लिहिणाऱ्याने या दोन खऱ्या गोष्टींची गाठ मारलीय, ती मात्र खोटी आहे.

असेसर म्हणजे कौशल्य प्रशिक्षणाच्या बॅचची शेवटची परीक्षा घेणारा. ज्याने शिकवलं त्यानेच आपल्या पोरांना पास करू नये, म्हणून हा माणूस बाहेरून येतो. यावर लक्ष ठेवायला केंद्र सरकारची राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद आहे. २०१८ साली ती अधिसूचित झाली. लोक तिला एनसीव्हीईटी म्हणतात. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि परीक्षा घेणाऱ्या एजन्सी यांना ती मान्यता देते. असेसरचं प्रशिक्षण अशा मान्यताप्राप्त संस्थेकडून मिळतं, पुष्कळदा त्या-त्या क्षेत्रातल्या उद्योगांच्या पुढाकाराने चालणाऱ्या सेक्टर स्किल कौन्सिलकडून. आणि ते एकेका जॉब रोलपुरतं असतं. इलेक्ट्रिशियनचा असेसर, शिवणकामाचा असेसर, ब्यूटी पार्लरच्या कामाचा असेसर. नुसता ‘असेसर’ कुणी नसतो. शिवाय त्या कामाचा स्वतःचा अनुभव लागतो. बी.एस्सी., बी.एड. मुलीने जाहिरातवाल्याला एकच प्रश्न विचारावा : कोणत्या जॉब रोलसाठी, आणि प्रमाणपत्रावर सही कुणाची? मला वाटतं, फोन तिथेच ठेवला जाईल.

कुर्ल्याच्या एका प्रशिक्षण केंद्रात मी अशी एक परीक्षा पाहिली. एका मुलाने लाकडी फळीवर जिन्याचं वायरिंग केलं होतं, खाली थ्री-पिन सॉकेट. दोन्ही स्विच दाबून पाहिले, दिवा लागला. पोरगा खूश. असेसरने मेन बंद केला, सॉकेट उघडलं आणि हिरवी वायर दोन बोटांच्या चिमटीत धरून हलकेच ओढली. ती हातात आली. त्याने कागदावर त्या निकषापुढे शून्य लिहिलं. शिकवणारे सर म्हणाले, “साहेब, दिवा तर लागतोय.” तो म्हणाला, “दिव्याचे मार्क दिलेत. हे अर्थिंगचे.” वीस वर्षं वायरमनकी केलेला माणूस होता तो. ती वायर ओढून बघावी हे दोन शनिवार-रविवारांत कुणी शिकवत नाही.

आणि पैसे? महिन्याचा पगार नसतो. एजन्सीच्या पॅनेलवर नाव असेल आणि तिने बॅच दिली, तर त्या बॅचचे पैसे. ज्याचा मूळ धंदा चालू आहे त्याला जोडकाम म्हणून हे परवडतं. त्याच्यावर घर चालवायला निघू नये.

शाळेशी याचा एक संबंध आहे आणि जाहिरातवाल्याने तोच धागा उचलला असणार. नववी ते बारावीला व्यवसाय शिक्षणाचे विषय असतात, त्यांच्या मूल्यमापनाला बाहेरचा असेसर शाळेत येतो. पण तो मुलांचं काम तपासायला येतो. त्या विषयांचा आराखडा आणि पुस्तकं भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा संस्थेत तयार होतात. ती एनसीईआरटीचीच, म्हणजे शालेय शिक्षणासाठीच्या केंद्राच्या परिषदेचीच संस्था. तिथे काय लिहिलं जातं यात असेसरला कुणी विचारत नाही.

बाकी अभ्यासक्रमाचं म्हणाल, तर तो अधिकार कायद्याने ठरलेला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९, कलम २९ : पहिली ते आठवीचा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाची पद्धत सरकारने नेमलेलं शैक्षणिक प्राधिकरण ठरवेल. आपल्याकडे ती जबाबदारी पुण्याच्या एससीईआरटीकडे, म्हणजे राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे आहे. पुस्तकं बालभारतीची, दहावी-बारावीची परीक्षा राज्य मंडळाची. शाळा नीट चालतात की नाही हे पाहायला मुंबईत दक्षिण, उत्तर आणि पश्चिम अशा तीन विभागांचे शिक्षण निरीक्षक आहेत, त्यांच्या वर चर्नी रोडला उपसंचालकांचं कार्यालय. महापालिकेच्या शाळांना स्वतःचे विभाग निरीक्षक. ही सगळी सरकारी पदं आहेत. खासगी प्रमाणपत्र दाखवून यातल्या एकाही खुर्चीवर बसता येत नाही. २०१५ मध्ये ‘शाळासिद्धी’ आली, ७ क्षेत्रं आणि ४६ मानकांवर शाळेचं मूल्यमापन. तिथे बाहेरून येणारे निर्धारकसुद्धा आपल्याकडे शिक्षक, मुख्याध्यापक आणि अधिकाऱ्यांतूनच घेतले गेले.

मग तिने काय करावं? देखरेखच करायची असेल तर एमपीएससीतून उपशिक्षणाधिकारी. स्पर्धा भयंकर आहे, जागा कधी निघतील याचा भरवसा नाही, हे माहीत असून अभ्यास करावा. शिक्षक म्हणून कायम व्हायचं तर टीईटी आणि अभियोग्यता चाचणी चुकवू नये, शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलचा रस्ता तिथूनच जातो.

माझं मन मात्र तिसऱ्या वाटेकडे जातं. ती विज्ञान शिकवते. मान्यताप्राप्त शाळेत दहावीला शिकवायला मिळालं आणि थोडी वर्षं गेली, की मंडळाचे पेपर तपासायला मिळतील, पुढे नियामक, म्हणजे परीक्षकांनी तपासलेले पेपर पुन्हा पाहणारी. माझी सख्खी बहीण कित्येक वर्षं नियामक होती. ‘प्रकाशाचं अपवर्तन म्हणजे काय’ या एका उत्तरावर दोन परीक्षकांनी दिलेल्या दीड आणि अडीच गुणांसाठी ती जेवण विसरून भांडायची. (घरी भाजी करपली तर एवढं वाईट वाटायचं नाही तिला.) मूल्यमापन म्हणजे काय ते या टेबलावर कळतं, आणि प्रश्न तयार करणारी माणसं पुष्कळदा इथूनच निघतात. एनसीईआरटीत २०२३ मध्ये ‘परख’ हे मूल्यमापनाचं केंद्र झाल्यापासून चांगला प्रश्न लिहिता येणाऱ्यांची गरज वाढतच जाणार, असा माझा होरा आहे. पुढे शिकायचं मनात आलं तर देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था तुमच्यापासून लांब नाही. तिथे शिक्षण विषयात एम.ए. करता येतं.

तोवर एक बिनपैशाचा प्रयोग. वर्गातल्या १० उत्तरपत्रिकांच्या झेरॉक्स काढा, नावं झाका. तिने पेन्सिलीने तपासून गुण वहीत लिहावेत. आठ दिवसांनी, वही न बघता, त्याच पुन्हा तपासाव्यात. गुणांत फरक पडेलच, माझ्या बहिणीलाही पडायचा. तो फरक कुठून आला हे शोधत ती रात्री अकरापर्यंत बसली, तर मला कळवा. कंटाळली तरी कळवा, मग वेगळं बोलू.

आणि ते २ हजार. फोनवर मागू नका. ई-मेल करा, त्यात एनसीव्हीईटीच्या मान्यतेचा पुरावा आणि जॉब रोलचं नाव लेखी मागा, नसेल तर रक्कम परत करा असं लिहा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा, उद्या ती तिथे नसेल. उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.