ॲस्पिरिन चालू असताना एएफसाठी वेगळी गोळी कशाला?

नाही, ॲस्पिरिन पुरत नाही. तुमचे वडील 72 वर्षांचे, बीपी आहे, ईसीजीत एएफ (एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडणं) निघालं, डॉक्टरांनी अपिक्साबॅन ही रक्त गोठू न देणारी गोळी लिहून दिली. आणि तुमचं म्हणणं, धडधड काहीच होत नाही, ॲस्पिरिनही रक्त पातळच करते, मग ही कशाला? हेच आमच्या घरात थोरल्या मामांनी म्हटलं होतं, म्हणून लिहायला बसले.

आईला एएफ निघालं तेव्हा ती 76 वर्षांची होती. बीपी आणि शुगर आधीपासून. डॉक्टरांनी वॉरफरिन ही रक्त गोठू न देणारीच दुसरी गोळी सुरू केली, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी चाचणी) तपासून डोस बसवला, सगळं सुरळीत होतं. मग ती एकदा बाथरूममध्ये पडली आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा झाला. तो हात पाहून सगळे हादरले. मामा म्हणाले, "या वयात डोक्यावर पडली तर मेंदूत रक्तस्राव होईल. बंद करा ते विष. मी इतकी वर्षं ॲस्पिरिनवर आहे, मला काय झालं?" मी विरोध केला, पण मामांपुढे माझं कोण ऐकणार! डॉक्टरांना न विचारता वॉरफरिन थांबली, ॲस्पिरिन सुरू झाली.

पुढे काही महिन्यांनी पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात लुळा, तोंड वाकडं, आणि वाचा गेली. हात बराचसा सुधारला, शब्द मात्र परतले नाहीत. तिला पाणी हवं असतं आणि ती "चावी" म्हणते. आपण चुकीचं बोललो हे तिला कळतं, त्याचाच तिला जास्त त्रास होतो. मामा आजही म्हणतात, "वयच झालं होतं, ती गोळी असती तरी झालंच असतं."

झालंच असतं असं मुळीच नाही. एएफमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त साचून गुठळी धरते आणि सुटली की थेट मेंदूत जाऊ शकते. ॲस्पिरिन प्लेटलेट्सवर, म्हणजे एकमेकांना चिकटणाऱ्या रक्तातल्या बारीक कणांवर काम करते; साचलेल्या रक्तातली ही गुठळी मुख्यतः रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांमुळे होते, तिथे ॲस्पिरिनचा जोर फार तोकडा. इंग्लंड आणि वेल्समध्ये 75 वर्षांवरच्या एएफच्या रुग्णांवर 'बाफ्टा' नावाचा अभ्यास झाला, 2007 मध्ये प्रसिद्धही झाला. वॉरफरिनवर असलेल्यांत वर्षाला 1.8 टक्के लोकांना झटका आला किंवा तशीच गंभीर घटना घडली, ॲस्पिरिनवर 3.8 टक्के. मोठा रक्तस्राव दोन्हींकडे जवळपास सारखाच. म्हणजे बरोबर आईच्याच वयाची माणसं. अपिक्साबॅन आणि ॲस्पिरिनची तुलना 2011 मध्ये झाली, तिथेही हेच चित्र: अपिक्साबॅनवर वर्षाला 1.6 टक्के, ॲस्पिरिनवर 3.7 टक्के.

राहिली पडण्याची भीती. 1999 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी हिशेब मांडला होता, की वॉरफरिनचा तोटा फायद्यापेक्षा जड व्हायला माणसाला वर्षात सुमारे 295 वेळा पडावं लागेल. पडू नये म्हणून बाथरूममध्ये दांडा बसवा, गोळी का बंद करायची?

एएफमध्ये झटक्याचा धोका किती ते डॉक्टर गुण देऊन मोजतात; तुमच्या वडिलांचं वय आणि बीपी धरून असे दोन गुण होतात, तेवढ्यावर गोळी द्यावी असाच सल्ला असतो. धडधड जाणवते की नाही याचा त्या गुणांशी काही संबंध नाही.

मात्र ॲस्पिरिन तुम्ही आपल्या मनाने बंद करू नका. नुकताच स्टेंट बसवला असेल तर काही काळ दोन्ही लागू शकतात, ते डॉक्टरच ठरवतील. हृदयात धातूची झडप बसवलेली असेल किंवा हृदयातली मायट्रल नावाची झडप बरीच अरुंद झाली असेल तर अपिक्साबॅन चालत नाही, तिथे वॉरफरिनच. किडनीची तपासणी वेळोवेळी हवी. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ देऊ नका. आणि सकाळ-संध्याकाळचा एकही डोस चुकू देऊ नका, या गोळीचा असर दिवसभरात ओसरतो.

घरातलं कोणी "मी ॲस्पिरिनवरच ठणठणीत आहे" म्हणालं, तर त्यांना ती कशासाठी दिली होती ते विचारा. मामांना हार्ट अटॅकनंतर दिली होती. एएफ त्यांना कधी नव्हतंच.