माफ केलं, मग खटला मागे घ्यायचा का?

प्रश्न : वडिलोपार्जित घर सख्ख्या भावाने परस्पर स्वतःच्या नावावर करून घेतलं. मी कोर्टात गेलो. चर्चच्या मंडळीतले लोक म्हणतात, येशूने ‘साताच्या सत्तर वेळा’ क्षमा करायला सांगितलं, हे विसरलात का? प्रार्थनेला बसलं की तेच आठवतं.

उत्तर : त्या मंडळींना म्हणावं, बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा तोच 18वा अध्याय जरा वरून वाचा. भावाने अपराध केला तर एकट्याने जाऊन त्याला त्याची चूक दाखव, ऐकलं नाही तर एक-दोघांना सोबत ने, तरीही नाही तर मंडळीला कळव, हे आधी येतं. ‘साताच्या सत्तर वेळा’ त्याच्यानंतर.

क्षमा म्हणजे सूड सोडणं. हक्क सोडणं ही निराळी गोष्ट. मे 1981 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर अली अग्जाने गोळ्या झाडल्या. चार दिवसांनी रुग्णालयातूनच पोपनी त्याला क्षमा केल्याचं सांगितलं, 1983 मध्ये तुरुंगात जाऊन त्याची भेटही घेतली. पण अग्जा 2000 सालापर्यंत इटलीच्या तुरुंगातच होता, आणि त्यामुळे पोपची क्षमा खोटी ठरली असं कोणी म्हटलं नाही.

प्रेषित पौल मात्र तुम्हाला अडवतो, ते लपवणार नाही. बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात भावाने भावाला कोर्टात खेचावं याची त्याला लाज वाटते, त्यापेक्षा नुकसान सोसा असंही तो सुचवतो. पण त्याच दमात तो विचारतो, निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? तेव्हा उपदेश करणाऱ्यांपैकी दोघांनी मध्यस्थीला बसावं. भाऊ त्यालाही तयार नसेल तर खटला चालू द्या. स्वतःचा हिस्सा सोडायचा तर खुशाल सोडा, पण घरात बहिणीचाही वाटा असेल तर तिच्या वाट्यावर उदार होऊ नका.

प्रश्न : वडील व्हेंटिलेटरवर आहेत. मूत्रपिंडं, यकृत निकामी झालंय. डॉक्टर म्हणतात, आता यंत्र फक्त मरण लांबवतंय. ते काढायला आम्ही भावंडं तयार आहोत, पण आत्या म्हणते हा खून आहे.

उत्तर : नाही, हा खून नाही. नेमका हाच प्रश्न भूलतज्ज्ञांनी पोप पायस बारावे यांच्यापुढे ठेवला होता. 24 नोव्हेंबर 1957 रोजी त्यांनी उत्तर दिलं : जीव राखायला साधारण उपाय करणं कर्तव्य आहे, असाधारण उपायांची सक्ती नाही, आणि अशा अवस्थेत श्वासयंत्र काढता येतं. यात नवीन काही नव्हतं. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्को द व्हितोरिया या स्पॅनिश धर्मपंडितानेही लिहिलं होतं की आयुष्य वाढावं म्हणून वैद्याने सुचवलेला महागडा आहार घेण्याची रोग्यावर सक्ती नाही.

पाहायचं ते इतकंच : तुम्ही मरण घडवून आणताय, की आता अडवता न येणारं मरण स्वीकारताय? प्राण जावा म्हणून दिलेलं इंजेक्शन पहिल्यात मोडतं. वेदना शमाव्यात म्हणून दिलेलं मॉर्फिन, त्याने आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी, पहिल्यात मोडत नाही. अन्न-पाण्याचा नियम अधिक कडक आहे. नळीवाटे दिलेलं अन्नही कॅथॉलिक शिकवण सहसा साधारण उपायच मानते. शरीर ते घेईनासं झालं की ते बंधन उरत नाही.

वडील शुद्धीत असताना याबद्दल काही बोलले असतील तर सगळ्यांच्या मतांआधी ते धरा. आणि आत्याला निर्णयाच्या आधी सोबत घ्या. यंत्र काढल्यावर तोंड पुसायला, ओठ ओले करायला, हात धरून बसायला माणूस लागतंच.

प्रश्न : मी हिशेबनीस आहे. साहेब खोटी बिलं चढवायला सांगतात. पाप त्यांचं की माझं?

उत्तर : दोघांचं. 1679 मध्ये पोप इनोसंट अकरावे यांनी काही पळवाटा निषिद्ध ठरवल्या. त्यातली एक अशी : मालक कुकर्मासाठी खिडकीतून शिरतोय हे ठाऊक असताना नोकराने मोठ्या नुकसानीच्या भीतीने त्याला खांदा दिला, शिडी आणून दिली, तर नोकराला मोठं पाप लागत नाही, ही पळवाट. तुमचं काम तर त्या नोकराच्याही पुढचं आहे, कारण नोंद तुमच्याच हाताने होते. त्याच कार्यालयात पगारपत्रकं करणाऱ्याची गोष्ट वेगळी. तो लबाडीपासून लांब आहे आणि पोटासाठी तिथे राहिला तर त्याला दोष देता येत नाही. साहेबांना सांगा, ‘हे मला लेखी द्या.’ निम्मे साहेब तिथेच गप्प होतात. उरलेल्यांसाठी दुसरी नोकरी शोधायला आजच लागा.

प्रश्न : जुन्या नोकरीत मी गल्ल्यातले पैसे उचलले होते. धर्मगुरूंपाशी पापांगिकार केला. मालक आता हयात नाहीत. विषय संपला ना?

उत्तर : पापांची क्षमा झाली, देणं बाकी आहे. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने, लुबाडलेलं चौपट परत देतो म्हटलं होतं. तुम्ही निदान मुद्दल तरी फेडा. ते मालकाच्या वारसांना द्या. वारसांचा पत्ताच लागत नसेल तर त्या मालकाच्या नावाने गरिबांना द्या, असं तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस सांगतो. चारचौघांत गुन्हा उघड करण्याची सक्ती तो करत नाही. ज्या धर्मगुरूंपाशी कबुली दिलीत, त्यांच्या हाती पाकीट द्या. पुढे ते पोचवतील.