चार दात काढायचे म्हणे!

दिवाळीची सुट्टी लागली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच वाक्य असतं : ‘चार दात काढायचे म्हणे!’ यातला ‘म्हणे’ कधी डॉक्टरांचा असतो, बरेचदा सोसायटीच्या लिफ्टमधला. यंदाची काही पत्रं घेते.

प्रश्न : मुलगी बारा वर्षांची, दातांवर दात आलेत. एक डॉक्टर म्हणतात, तारा लावण्याआधी वरचे दोन आणि खालचे दोन दात काढा. दुसरे म्हणतात, गरज नाही. खरं कोण बोलतंय? (कोथरूड)

कदाचित दोघंही. तुमच्या पत्रात एकही आकडा नाही, म्हणून मला बाजू घेता येत नाही. दातांना किती जागा हवी आणि जबड्याच्या कमानीत किती आहे, हे साच्यावर मोजतात. ढोबळ हिशेब असा, की चार मिलिमीटरपर्यंत जागा कमी पडत असेल तर सहसा दात काढावे लागत नाहीत. दहाच्या पुढे गेलं तर काढल्यावाचून क्वचितच भागतं. मधल्या पट्ट्यात दोन जाणते डॉक्टर दोन मतं देतात, त्यात लबाडी नसते. अमेरिकेत दात काढूच नयेत म्हणणारे एडवर्ड अँगल आणि गरज पडल्यास काढावेत म्हणणारे कॅल्व्हिन केस या दंतवैद्यांच्या गटांत यावरून १९११ साली जाहीर वाद झाला होता. पुढे अँगलच्याच चार्ल्स ट्वीड या शिष्याने, दात न काढता केलेल्या आपल्याच रुग्णांवर दात काढून पुन्हा उपचार केले.

शिवाय नुसती गर्दी बघून चालत नाही. ओठ सहज मिटतात का, बाजूने चेहरा कसा दिसतो, जबडा अजून किती वाढणार, हेही बघावं लागतं. त्यासाठी बाजूचा एक्स-रे, म्हणजे सेफॅलोग्राम काढतात. काढायची ती बहुधा सुळ्यामागची पहिली उपदाढ, साधारण सात मिलिमीटर रुंद. पण दुसरी उपदाढ हिरडीत तयारच झाली नसेल किंवा कायमची दाढ पार किडलेली असेल, तर सगळा बेत बदलतो. म्हणून ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचे सगळे दात एकत्र दाखवणारा एक्स-रे, न बघता कोणी दात काढायची तारीख दिली तर सरळ उठून या. दोन्ही डॉक्टरांकडून मोजमापं मागून घ्या आणि तिसऱ्याला दाखवा. धनकवडीचं भारती विद्यापीठ किंवा पिंपरीचं डी. वाय. पाटील, अशा दंत महाविद्यालयांत ऑर्थोडॉन्टिक्सचा, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करण्याचा, स्वतंत्र विभाग असतो.

प्रश्न : सुळ्याजवळचा दात काढला तर डोळ्याची नस दुखावते का? सासूबाई ऐकत नाहीत. (सदाशिव पेठ)

नाही. सासूबाईंना घेऊन या, एक्स-रेवर दाखवते.

प्रश्न : ‘एकही दात न काढता अलाइनरने दात सरळ, हमी’ अशी जाहिरात पाहिली. मॉलमध्ये मोफत स्कॅनही झालं. आता आगाऊ पैसे भरले तर सूट देणार आहेत. मुलगा तेरा वर्षांचा. (हडपसर)

स्कॅनमध्ये दातांचा फक्त हिरडीबाहेरचा भाग दिसतो. मुळं, हाड, हिरडीत अडकलेला सुळा, यातलं काहीही दिसत नाही. मग हमी कशाच्या जोरावर देतात? जागा करायचे मार्ग मोजकेच आहेत : दात घासून किंचित बारीक करणं, कमान रुंदावणं, दाढा मागे सरकवणं, पुढचे दात आणखी पुढे ढकलणं. घासून दोन दातांमध्ये साधारण अर्धा मिलिमीटर मिळतो. नऊ-दहा मिलिमीटर कमी पडत असताना ‘न काढता’चा हट्ट धरला, तर पुढचे दात हाडाच्या कडेला जातात, ओठ मिटत नाहीत आणि हिरडी उतरू शकते. अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचा पारदर्शक साचा, हे साधन आहे, ते योग्य मुलाला मीही देते. पण तपासणीच्या आधी निदान आणि निदानाच्या आधी सवलत, हा उलटा क्रम मला मान्य नाही. पैसे भरू नका. आधी एमडीएस ही दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी घेतलेल्या ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा.

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा. खालची दुधाची दाढ ठणकत होती. रूट कॅनॉल आणि कॅप सांगितली होती. पडणाऱ्या दातावर एवढा खर्च कशाला, म्हणून आम्ही ती काढूनच टाकली. आता ‘जागा राखायला तार बसवा’ म्हणतात. हा पैसे काढायचा धंदा नाही ना? (सिंहगड रस्ता)

नाही. आणि आता जरा बसून ऐका.

‘दुधाचाच तर होता’ या वाक्याइतकं नुकसान चॉकलेटनेही केलं नसेल. सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे कायमची पहिली दाढ येते. ती येताना कुठलाही दात पडत नाही, म्हणून निम्मे पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि किडू देतात. ही दाढ पुढे सरकू नये म्हणून तिला थोपवून धरते ती तिच्या पुढची दुधाची दाढ. त्या जागी उपदाढ यायला अकरावं-बारावं वर्ष उजाडतं. तुम्ही सातव्या वर्षीच दाढ काढलीत, आता चार-पाच वर्षं ती जागा धरून कोण बसणार? मागची दाढ पुढे कलते, आणि पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त. मग उपदाढ अडकते किंवा आडवाटेने येते, आणि तेराव्या वर्षी तुम्हीच मला विचारता, ‘चांगला दात का काढायचा?’

त्यात आणखी एक गंमत आहे. शेवटची दुधाची दाढ तिच्या जागी येणाऱ्या उपदाढेपेक्षा रुंद असते. खालच्या जबड्यात दोन्ही बाजू मिळून साधारण तीन ते पाच मिलिमीटर जागा अशी फुकट मिळते. वर म्हटलेल्या मधल्या पट्ट्यातल्या मुलांचे दात कधी कधी एवढ्यावर वाचतात. ही शिल्लक आपण रूट कॅनॉलचे पैसे वाचवण्यासाठी उधळतो.

दाढेभोवती कडं आणि पुढे तारेचा फास, एवढंच ते स्पेस मेंटेनर असतं. याच आठवड्यात मुलांच्या दंतवैद्याकडे जा. किती जागा गेली आहे ते मोजल्याशिवाय तेही बसवू नये.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीच्या वरच्या दोन दातांत फट आहे. (बाणेर)

बहुधा सुळे आले की मिटेल, तोवर रबर वगैरे अडकवू नका. दहाव्या वर्षापर्यंत हिरडीवर सुळ्यांचा उंचवटा हाताला लागला नाही, तर मात्र एक्स-रे काढा.

प्रश्न : दात ऑगस्टमध्ये काढून घेतले. मुलगी दहावीत आहे, तारा बोर्डाच्या परीक्षेनंतर लावल्या तर चालेल? (चिंचवड)

परीक्षेनंतरच लावायच्या होत्या तर दात आधी का काढले? रिकामी जागा वाट बघत नाही. शेजारचे दात त्यात कलंडतात आणि ज्यासाठी दात काढले तीच जागा वाया जाते. तारांसाठी महिन्या-दीड महिन्याने अर्धा तास लागतो, तेवढ्याने दहावी बुडत नाही. या आठवड्यात डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : आता चार दात काढले, तर पुढे अक्कलदाढाही काढाव्या लागतात का? (औंध)

तसा नियम नाही. अठराव्या वर्षाच्या आसपास ओपीजी काढून ठरवा.

प्रश्न : दात काढल्यावर मुलाला फराळ कधी द्यायचा? (नारायण पेठ)

पहिले दोन दिवस मऊ आणि गार : दहीभात, आइस्क्रीम. पहिल्या दिवशी जोरात चूळ नको, स्ट्रॉ नको. जखम भरेपर्यंत चिवडा नको, कण अडकतात. रक्त थांबलं नाही किंवा तिसऱ्या दिवसानंतर ठणका वाढला, तर दात काढणाऱ्या डॉक्टरांना लगेच दाखवा. तारा लागल्या की चकली, भाकरवडी आणि लोणावळ्याची चिक्की दीड-दोन वर्षं बंद. बेसनाचा लाडू चालतो.