विली नेल्सनच्या गिटारला भोक का?

प्रश्न : यूट्यूबवर अमेरिकन गायक विली नेल्सनचा प्रोग्राम बघितला, नव्वदीतला माणूस स्टेजवर गातोय आणि गिटारला चक्क भोक! नवीन घेत का नाही तो? (एक वाचक, सातारा)

उत्तर : घेईल कशाला! मार्टिन कंपनीची ती एन-20, नायलॉनच्या तारांची, 1969 पासून त्याच्याकडे आहे, नाव ट्रिगर, काऊबॉय सिनेमांचा हिरो रॉय रॉजर्स याच्या घोड्यावरून. ही खरंतर बोटांनी वाजवायची गिटार, त्यामुळे तिला पिकच्या (तारा छेडायच्या छोट्या चकतीच्या) ओरखड्यांपासून वाचवणारी पट्टी नसते, आणि हे साहेब वाजवतात पिकनेच, तेही पन्नासहून जास्त वर्षं, मग लाकूड झिजून भोक पडणारच ना. टेनेसीतल्या घराला आग लागली तेव्हा जळत्या घरात शिरून हिला बाहेर काढलं होतं त्याने (आपण मोबाईल काढला असता).

जन्म 1933 चा, टेक्सासमधल्या ॲबट गावचा, वाढवलं आजीआजोबांनी, पहिली गिटारही आजोबांनीच दिली, सहा वर्षांचा असताना. बहीण बॉबी लहानपणापासून पियानोवर, नंतर त्याच्याच बँडमध्ये, 2022 मध्ये ती गेली. 2023 मध्ये विलीचा नव्वदावा वाढदिवस, तोही लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल या खुल्या थिएटरच्या स्टेजवरच.