दगड वेचू नका, पाचोळा खरवडू नका

प्रश्न : गेल्या वर्षी आम्ही सांताक्रूझच्या डोंगरात, फेल्टनजवळ घर घेतलं. मागच्या बाजूला चांगलाच उतार आणि त्यावर रेडवूडची उंच झाडं. चार वाफे करून मेथी-कोथिंबीर लावावी म्हणून खणायला गेले, तर कुदळ नुसती टणटण वाजते. घमेलंभर मातीत निम्मे दगड! शेजारी म्हणतात, वरचा पाचोळा काढा, माती चाळून दगड फेका आणि बाहेरून चांगली माती आणून पसरा. तसं करू का? माझं माहेर कराडचं, नदीकाठच्या काळ्या रानातलं. ही जमीन मला जमीनच वाटत नाही. – एक वाचक, फेल्टन, कॅलिफोर्निया

उत्तर : ताई, हे अजिबात करू नका. दापोलीला मृदाशास्त्र शिकले आणि नोकरीची बहुतेक वर्षं मी कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावर खड्डे खणून माती तपासण्यात घालवली. तुमच्या उतारावरची जमीन वाईट नाही. ती जशी आहे तशी असल्यामुळेच तिच्यावर ती झाडं उभी आहेत.

आधी एक दगड हातात घेऊन त्याच्या कडा बघा. कडा धारदार असतील तर तो वरच्याच खडकाचा तुकडा. वालुकाश्म (वाळूचा झालेला दगड) किंवा पंकाश्म (चिखलाचा झालेला दगड) फुटून, मातीत मिसळून, हळूहळू खाली सरकत आलेला. बेन लोमंड डोंगराच्या अंगाला ग्रॅनाइटसारखा चमचमत्या कणांचा दगडही मिळेल. दगड गोल, गुळगुळीत असतील तर ती जुन्या नदीची किंवा समुद्रकाठाची जागा, तिचा हिशेब वेगळा. तुमचे धारदारच असणार, कारण तीव्र उतारावरची माती जागच्या जागी तयार होऊन थांबत नाही. ती सतत थोडी थोडी घसरत असते आणि खडकाचे ताजे तुकडे तिच्यात येतच राहतात.

आता ‘निम्मे दगड’ म्हणजे किती ते पाहू. अमेरिकेच्या माती वर्गीकरणात २ मिलिमीटर ते साडेसात सेंटिमीटरपर्यंतचे तुकडे म्हणजे खडे. आकारमानाने ते १५ टक्क्यांच्या वर गेले की माती मुरमाड, ३५ च्या वर फार मुरमाड आणि ६० च्या वर अतिमुरमाड. तुम्ही घमेल्यात पाहिलं तो अंदाज बहुधा वजनाचा आहे. दगड घट्ट असतो, जंगलातली माती पोकळ. त्यामुळे वजनाने निम्मे असलेले दगड आकारमानाने तिसऱ्या हिश्शाच्या आसपास भरतात. खात्री करायची असेल तर वाळलेली बादलीभर माती २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळा, दगड एका मापाच्या भांड्यात पाण्यात टाका आणि पाणी किती चढतं ते बघा.

दगडांमुळे पाणी कमी साठतं, हे खरं आहे. चांगली पोयटा माती मीटरभर खोलीत झाडाला घेता येईल असं साधारण १५ सेंटिमीटर पाणी धरते. त्यात ४० टक्के दगड असले तर ते ९ वर येतं. पण तुमच्याकडे साधारण १०० ते १५० सेंटिमीटर पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा हिवाळ्यात. ते पाणी वरून वाहून न जाता आत उतरतं ते या दगडांमधल्या फटींमुळे. बाहेरून आणलेली बारीक माती अशा उतारावर पसरलीत, तर पहिल्या मोठ्या पावसात ती खालच्या ओढ्यात गेलेली दिसेल.

आणि पाचोळा! त्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. हात घालून बघा : वर कोरड्या काड्या, त्याखाली अर्धवट कुजलेला तपकिरी थर, त्याखाली काळसर, भुसभुशीत माती, आणि या सगळ्यातून केसांसारखी मुळं. ती रेडवूडची. या झाडाला सोटमूळ नसतं. शंभर मीटर उंचीपर्यंत जाणारं झाड, पण मुळं बहुधा दोन ते चार मीटरच खोल, आडवी मात्र तीस मीटरपर्यंत पसरलेली. अन्न आणि उन्हाळ्यातलं पाणी ते या वरच्या थरातून घेतं. तो थर खरवडणं म्हणजे झाडाच्या तोंडचा घास काढणं. मातीही उघडी पडते आणि पावसाचा थेंब थेट तिच्यावर आपटतो.

एक अपवाद मात्र पाळाच. आगीचं भय तिथे खरं आहे. घराला लागून पहिल्या पाच फुटांत पेटेल असं काही ठेवू नका, तीस फुटांपर्यंत वाळलेली पानं-काड्या काढा. तीस ते शंभर फुटांच्या पट्ट्यात कॅलिफोर्नियाचं अग्निशमन खातं तीन इंचांपर्यंत पाचोळा चालवून घेतं. तेवढा राहू द्या.

मेथी-कोथिंबिरीसाठी उन्हाची जागा शोधा आणि पाय असलेल्या, जमिनीपासून उचललेल्या पेट्या घ्या. जमिनीवरच वाफा केलात तर रेडवूडची मुळं खालून चढून एक-दोन वर्षांत तो भरून टाकतात. झाडांखाली तिथलंच लावा : स्वोर्ड फर्न, हकलबेरी, रेडवूड सॉरेल. हे सॉरेल म्हणजे आपल्या आंबुशीच्याच कुळातलं. पान चावून बघितलंत तर तीच आंबट चव लागेल.

‘वेब सॉइल सर्व्हे’ या सरकारी नकाशावर तुमचा तुकडा फुकट पाहता येतो. तुमच्या भागात लोम्पिको, बेन लोमंड, निसीन अशी मातीची नावं दिसतील. फेल्टन नावाचीही माती आहे. नावापुढे उताराचे टक्के असतात. ५० टक्के म्हणजे शंभर मीटर आडवं गेल्यावर पन्नास मीटर चढ, अंशात २७ च्या आत.

प्रश्न : मी तासगावचा द्राक्ष बागायतदार. जुलैत कॅलिफोर्नियात मुलाकडे गेलो होतो, त्याने रेडवूडचं जंगल दाखवलं. पाच महिने पावसाचा टिपूस नाही म्हणाला. जमीन बघितली तर आमच्या माळासारखीच मुरमाड. आम्हाला मुरमाड रानात ठिबक एक-दोन दिवसांवर बंद ठेवता येत नाही. मग एवढी झाडं कशावर जगतात?

उत्तर : काका, तुम्ही बागायतदाराच्या नजरेने नेमकं हेरलंत. पाणी तीन बाजूंनी येतं किंवा वाचतं.

पहिलं धुकं. किनाऱ्यालगत समुद्राचं खोल, थंड पाणी उन्हाळ्यात वर येतं. त्यावरची दमट हवा थंडावते आणि धुकं होऊन डोंगराच्या अंगावर चढते. रेडवूडच्या बारीक पानांवर ते जमतं आणि पागोळ्यांसारखं खाली ठिबकतं. टॉड डॉसन या शास्त्रज्ञाने उत्तर कॅलिफोर्नियात तीन वर्षं हे मोजलं आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध केलं. जंगलाला मिळणाऱ्या वर्षाच्या पाण्यापैकी सरासरी ३४ टक्के पाणी झाडांवरून ठिबकलेल्या धुक्याचं होतं. झाडं नसलेल्या जागी हाच वाटा १७ टक्के. म्हणजे झाड तोडलं की त्या जागेचं पाणीही तुटलं. उन्हाळ्यात रेडवूडच्या अंगातलं सुमारे १९ टक्के पाणी धुक्याचं निघालं, खालच्या झुडपांत मात्र ६६ टक्के. हे ठिबकलेलं पाणी अडवून धरतो तो पाचोळ्याचा थर, म्हणून वरच्या ताईंना एवढं बजावून सांगितलं.

आंबोलीला तुम्ही धुकं पाहिलं असेल. तिथे ते भर पावसाळ्यात येतं, जमीन आधीच तुडुंब असते. कॅलिफोर्नियात ते पाऊस नसतानाच येतं, म्हणून तिथे त्याची किंमत.

दुसरं, मातीखालचा झिजलेला खडक. मी शिकले तेव्हा मातीखाली खडक लागला की आमचा खड्डा संपायचा. उत्तर कॅलिफोर्नियातल्या ईल नदीच्या वरच्या खोऱ्यातल्या डोंगरावर रेम्पे आणि डीट्रिक या शास्त्रज्ञांनी भोकं पाडून वर्षानुवर्षं मोजलं. फुटक्या, झिजलेल्या खडकाच्या भेगांत वर्षाच्या पावसाच्या २७ टक्क्यांपर्यंत पाणी साठतं आणि झाडं ते उन्हाळ्यात वापरतात, असं त्यांनी २०१८ मध्ये दाखवलं. तो डोंगर रेडवूडचा नाही, डग्लस फर आणि माद्रोनाचा आहे. खडक मात्र याच किनारी रांगेतला.

तिसरी गोष्ट तुमच्या रानाशी ताडून बघा. तासगावच्या एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो आणि मुरूम भाजून निघतो. धुक्याच्या पट्ट्यात जुलैची माती गारच. अर्ध्या मीटर खोलीवर तिथल्या कित्येक जागी उन्हाळा आणि हिवाळा यांच्या सरासरीत सहा अंश सेल्सिअसचाही फरक पडत नाही. माती वर्गीकरणात अशा जमिनींना स्वतंत्र वर्ग आहे. हवा गार आणि दमट असली की पानांतून पाणी कमी उडतं, त्यामुळे वर ताईंना सांगितलेला तोच ९ सेंटिमीटरचा साठा कितीतरी जास्त दिवस पुरतो.

काळजीची गोष्ट अशी, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथल्या उन्हाळी धुक्याचे तास सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचा अंदाज २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. माती आणि दगड तेच राहिले, पण वरचं ठिबक कमी झालं, तर ही झाडं कुठवर तगतील याचा मला खरोखर घोर लागतो.

प्रश्न : आम्ही सांताक्रूझच्याच डोंगरात, बोल्डर क्रीकला राहतो. २०२० च्या आगीत आमचा उतार जळला. रेडवूड पुन्हा फुटलेत. आता जमीन घसरण्याची भीती किती? – एक कुटुंब

उत्तर : रेडवूड फुटलेत म्हणजे त्यांची मुळं जिवंत आहेत, हे फार चांगलं. पण डग्लस फर जळून मेलं की पुन्हा फुटत नाही. त्याची मुळं वर्षागणिक कुजत जातात आणि मातीवरची पकड सुटते. म्हणून आग विझून बरीच वर्षं झाली तरी निर्धास्त होऊ नका.

उतारावर एखादी पन्हळीसारखी खोलगट जागा आहे का, ते आधी शोधा. वरून सरकलेली दगडमाती अशाच जागी जाड साठते. मुरमाड थरातून पाणी झपाट्याने खाली जातं, खालच्या घट्ट खडकावर अडतं, तिथे दाब वाढतो आणि वरची माती सुटते. जानेवारी १९८२ च्या पावसात सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या डोंगरांत अठरा हजारांहून अधिक ठिकाणी जमीन सुटली. तुमच्या जवळच, लव्ह क्रीकच्या दरडीत दहा माणसं गेली.

छपराचं आणि रस्त्याचं पाणी त्या खोलगटात कधीही सोडू नका. बंद नळीतून ते थेट ओढ्याच्या पक्क्या जागेपर्यंत न्या, आणि नळी कुठे सोडायची हे भूगर्भ अभियंत्याला जागा दाखवूनच ठरवा. उताराला आडव्या नव्या भेगा, अचानक कललेली झाडं, कोरड्या जागी फुटलेला झरा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी कळवा. जोराच्या पावसाचा इशारा असेल त्या रात्री खालच्या मजल्यावर, डोंगराच्या बाजूच्या खोलीत झोपू नका, आणि घर सोडायला सांगितलं तर लगेच निघा.