बीपीमुळे किडनी बिघडते की किडनीमुळे बीपी वाढतं?

दोन्ही. पण दुसरी बाजू पटायला फार काळ गेला, आणि ती पटवली प्रामुख्याने हॅरी गोल्डब्लाट यांनी. अमेरिकेत क्लीव्हलँडला ते पॅथॉलॉजिस्ट होते. शवविच्छेदनात त्यांना मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या दिसायच्या. सर्वसाधारण समज असा, की आधी बीपी, मग हे. त्यांनी प्रश्नच उलटा केला. कुत्र्यांच्या दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्यांवर चांदीचा छोटासा चिमटा बसवला आणि स्क्रूने आवळला. धमनी पूर्ण बंद नाही, नुसता प्रवाह कमी. रक्तदाब चढला आणि चढलेलाच राहिला! हे १९३४ साली छापून आलं.

होतं असं: रक्त कमी पोचलं की किडनीला वाटतं, शरीरातला दाबच उतरलाय. ती रेनिन नावाचं रसायन रक्तात सोडते, त्याच्यामुळे पुढे अँजिओटेन्सिन हे दुसरं रसायन बनतं, रक्तवाहिन्या आकसतात, मीठ-पाणी अडवलं जातं. (रेनिन स्टॉकहोममध्ये १८९८ मध्येच सापडलं होतं, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही.)

नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ असलेल्या गोळ्या हीच साखळी तोडतात. लघवीतून प्रथिनं जात असतील तर डॉक्टर बहुधा यातलीच गोळी देतात. सुरू केल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी कितपत काम करते ते यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासायला सांगतात, ते मात्र टाळू नका.