सोयीसाठी केलेल्या लग्नावरचा, घरच्यांसोबत बघता येईल असा जुना विनोदी चित्रपट कोणता?

तुमच्या अटी तीन: लग्न निव्वळ सोयीचं हवं, दोघं दोन टोकांची हवीत आणि आई-बाबांसोबत बघताना रडारड नको. 'मिस्टर अँड मिसेस ५५' लावा. गुरुदत्तचं नाव काढलं की घरात कुणीतरी "नको रे बाबा, उदास करतो तो" म्हणणारच. त्यांना सांगा, हा १९५५ चा आहे, 'प्यासा'च्या दोन वर्षं आधीचा. यातला गुरुदत्त मिश्कील आहे, आळशी आहे आणि उसनवारीवर मजेत जगतो.

गोष्ट थोडक्यात. अनिता (मधुबाला) २१ वर्षांची झालीय. वडिलांनी मृत्युपत्रात मेख मारून ठेवलीय: महिन्याभरात लग्न केलंस तरच सत्तर लाख तुझे. १९५५ सालचे सत्तर लाख! तिला वाढवणारी सीतादेवी (ललिता पवार) स्त्री-हक्कांसाठी झगडणारी, पुरुषांवर तिचा काडीचा भरवसा नाही. मग ती सरळ पगारी नवरा शोधते. त्यानं रजिस्टर लग्न करायचं, पैसे घ्यायचे आणि सांगितलं की घटस्फोट देऊन चालू पडायचं. सापडतो तो प्रीतम (गुरुदत्त), बेकार व्यंगचित्रकार. त्याचं मन अनितावर आधीच जडलंय, हे सीतादेवीला ठाऊक नाही. अनिताचं मन तिसरीकडेच, एका टेनिसपटूत गुंतलेलं; आणि त्याला लग्नापेक्षा टेनिस प्यारं. म्हणजे सोय एकीची, प्रेम दुसऱ्याचं, आणि व्यवहार ठरवणारी भलतीच.

मला विचाराल तर यातली खरी जुगलबंदी प्रेमिकांची नाहीच, ती गुरुदत्त आणि ललिता पवार यांची आहे. त्यांची पहिली मुलाखत बघा. ती दरडावून विचारते, तू कम्युनिस्ट आहेस का? तो अदबीनं सांगतो, नाही, कार्टूनिस्ट आहे. आई-बाबांना ललिता पवार म्हणजे दूरदर्शनच्या 'रामायणा'तली मंथरा किंवा छळवादी सासू. मूळची येवल्याची ही बाई तरुणपणी नायिका होती. १९४२ मध्ये चित्रीकरणात भगवानदादांची थप्पड जोरात बसली, चेहऱ्याला लकवा झाला, डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला आणि नायिकेच्या भूमिका संपल्या. पण १९५५ हे एकच वर्ष घ्या. 'श्री ४२०'मध्ये ती फुटपाथवर केळी विकणारी मायाळू गंगामाई आहे, आणि इथे बंगल्यातली करारी सीतादेवी. इतका पल्ला असलेल्या बाईला आपण 'खाष्ट' या एका शब्दात गुंडाळून ठेवलं.

आता जिथं मला हा चित्रपट खटकतो ते सांगतो, कारण आई-बाबांशी वाद झालाच तर इथेच होईल. घटस्फोटाच्या कायद्याची यात यथेच्छ टिंगल आहे. ते वर्षच तसं होतं. हिंदू कोड बिल (हिंदूंचे लग्न, घटस्फोट, वारसा यांचे नियम एकत्र आणणारं विधेयक) रखडलं म्हणून आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्यानंतर त्याचे तुकडे करून कायदे झाले, आणि हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ ला लागू झाला. चित्रपटाचा सूर असा की हे पाश्चात्त्य खूळ आहे, श्रीमंत बायकांचे चोचले आहेत. पण बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ मध्येच घटस्फोटाचा कायदा केला होता, मुंबई प्रांतातही १९४७ मध्ये झाला होता. आणि आपल्याकडच्या कित्येक जातींत काडीमोड आणि पाट (बाईचं दुसरं लग्न) पिढ्यान्पिढ्या चालत आले होते. १९५५ च्या कायद्यानंही रूढीनं होणारा घटस्फोट मोडीत काढला नाही. संस्कृती बुडाल्याची बोंब होती ती ज्यांच्यात ही सोयच नव्हती त्यांची.

गंमत म्हणजे, नव्या हिंदू विवाह कायद्यात सीतादेवीचा बेत सहजासहजी बसलाच नसता. एरवी लग्नाला तीन वर्षं झाल्याशिवाय घटस्फोटाचा अर्जच करता येत नव्हता, आणि दोघांच्या संमतीनं घटस्फोट त्या कायद्यात आला तो १९७६ मध्ये. त्याआधी कुणाचा तरी दोष दाखवावा लागे. प्रीतम स्वतःविरुद्ध खोटे पुरावे पुरवून बदनामी ओढवून घेतो, तो भाग मेलोड्रामा वाटतो खरा, पण त्या काळच्या कायद्याशी तो बराच इमानदार आहे.

मधे प्रीतम अनिताला जवळजवळ पळवूनच आपल्या भावाच्या घरी नेतो. तिथली वहिनी (कुमकुम) नवऱ्याचा मार हसण्यावारी नेते आणि अनिताला संसारातलं सुख पटवते. हा तुकडा आज गिळवत नाही. दिग्दर्शकाला सीतादेवी हरायला हवी होती, पण माझं मत सीतादेवीच्याच बाजूनं जातं. मुलीच्या पैशाला नवऱ्याची अट घालणारं मृत्युपत्रच मुळात अन्यायाचं. ती फक्त त्याला पळवाट शोधत होती! तिचा हटवादीपणा वेगळा, त्याचं समर्थन नाही.

बाकी सगळी चंगळ आहे. ओ. पी. नय्यरची चाल, मजरूहचे शब्द, गीता दत्तचा आवाज. जॉनी वॉकरच्या वाट्याला आलेलं प्रेमप्रकरण मला मुख्य जोडीपेक्षाही गोड वाटतं. प्रीतमची चित्रं काढणारा हात आर. के. लक्ष्मण यांचा आहे, तेव्हा कागद पडद्यावर आला की बाबांना हाक मारा. सीतादेवी रथ हाकतेय आणि घोड्यांच्या जागी अनिता-प्रीतम, असं एक व्यंगचित्र आहे. त्यावरून पुढं रामायण घडतं.

रडारडीचं म्हणाल तर कोर्टाच्या आसपास थोडा वेळ सगळे गंभीर होतात. तेवढं सोसा, विमानतळावर गाडी पुन्हा रुळावर येते. अडीच तासांच्या वर आहे, तेव्हा जेवणं उरकून बसा.